एकट्यानं केलेला गेम

आमच्या प्रेसमध्ये औषधांची खोकी छापली जात. पुस्तकं नाहीत, पत्रिका नाहीत, नुसती खोकी. गोळ्यांची, मलमांची, डोळ्यांत घालायच्या थेंबांची. त्यांवरचा बारीक मजकूर मी तपासायचो. एखादं शून्य जास्त पडलं तर कुणाच्या तरी जिवाशी गाठ, म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावं लागे. तिथं सगळे मला काना-मात्रा म्हणत. शेजारच्या टेबलावर खोक्यांची चित्रं करणारी बाई बसायची. छपाई तपासायचं छोटं भिंग तिच्या गळ्यात दोरीला कायम लटकलेलं असे, अगदी जेवतानासुद्धा, त्यामुळं तिचं नाव पडलं भिंगवाली.

सत्तावीस वर्षं आम्ही शेजारी बसलो. एवढ्या काळात तिनं कुणाला दुखावल्याचं मला आठवत नाही, पण कामाच्या बाबतीत ती मालकांचंही ऐकायची नाही. नवं खोकं तयार झालं की ते खोलीच्या पार टोकाला, इतर तीस-चाळीस खोक्यांच्या रांगेत ठेवायची, स्वतः बाहेर जायची आणि दार उघडून आत यायची. आत आल्या आल्या नजर त्याच खोक्यावर गेली नाही, तर चित्र रद्द.

"अहो, इतकं छान झालंय," मालक कळवळून म्हणायचे.

"छान झालंय," ती म्हणायची, "पण दिसत नाही."

या हट्टामागचं कारण मला कळायला दहा वर्षं लागली. ती एकोणीस वर्षांची असताना, चित्रकलेच्या कॉलेजातून एका दुपारी घरी आली, दार ढकललं, तर वडील स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेले. हातात गोळ्यांचं खोकं तसंच धरलेलं. दोन औषधं होती त्यांना, एक रक्तदाबाचं आणि एक साखरेचं. दोन्ही खोकी निळी, दोन्हींवर पांढरी बारीक अक्षरं, आणि वडिलांची नजर अधू. साखरेची गोळी त्यांनी दोनदा घेतली होती. आई कामावर गेलेली, सात वर्षांचा धाकटा भाऊ शेजाऱ्यांकडं खेळायला गेलेला. हिनं एकटीनं आरडाओरडा करून माणसं जमवली. वडील वाचले, पण त्यानंतर जगले ती चार वर्षं ते पूर्वीचे राहिले नाहीत. हिला मोठमोठी निसर्गचित्रं काढायची होती. ती कॉलेज सोडून आमच्या प्रेसमध्ये आली आणि खोकी करू लागली.

"डोंगर काढणारे पुष्कळ आहेत," एवढंच म्हणाली होती मला. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

धाकट्याला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. आई दिवसभर बाहेर, त्यामुळं त्याचा अभ्यास, त्याचं आजारपण, शाळेतून आलेल्या तक्रारी, सगळं हिच्या गळ्यात. पोरगा हुशार, पण धरसोड वृत्तीचा. चार नोकऱ्या धरल्या, चार सोडल्या. एकतिसाव्या वर्षी त्यानं आईच्या घरातल्या मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि गेम बनवायला सुरुवात केली. तीन वर्षं तो त्या खोलीतून जेवायला आणि आंघोळीला तेवढा बाहेर यायचा, आणि आई म्हणायची की आंघोळीलाही नाही.

गेम असा होता. डोंगरावर जाणारा एक जुना रोपवे. खेळणारा माणूस म्हणजे तो रोपवे चालवणारा. खाली रांगेत माणसं उभी, प्रत्येकाची वर जायची वेगळी गरज, आणि दिवसभरात फेऱ्या मोजक्याच. कुणाला वर न्यायचं, कुणाला परत पाठवायचं, कुणाला मध्येच लटकत ठेवायचं, हे लिव्हर ओढून ठरवायचं. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण ही कल्पना तिनं सांगितली तेव्हा मीही काम थांबवून ऐकत बसलो.

एका रविवारी धाकटा तिला म्हणाला, "ताई, कव्हर तूच कर. मी केलंय एक, पण कुणी बघतच नाही."

कव्हर म्हणजे ऑनलाइन दुकानात गेमच्या नावाशेजारी दिसतं ते चित्र. त्यानं केलेल्या चित्रात बर्फाचे डोंगर होते, चंद्र होता, रोपवेचे तीन डबे आणि रांगेतली आठ माणसं होती, आणि वरती बर्फ साचल्यासारख्या बारीक अक्षरांत नाव होतं. नावही असं की म्हणेपर्यंत धाप लागावी: 'धुक्यातल्या डोंगरावरचा शेवटचा रोपवे'.

तिनं ते चित्र स्क्रीनवर लहान करत करत पोस्टाच्या तिकिटाएवढं केलं आणि धाकट्याला खोलीच्या दारापर्यंत मागं नेलं.

"आता काय दिसतं?"

"काहीतरी निळं."

"लोकांना तुझं चित्र एवढंच दिसतं. तेही पळता पळता. भिंतीवर लावायला हे सुरेख आहे. दुकानात मांडायला नाही. दुकानात गर्दी चालत नाही, एकच गोष्ट लागते."

मग तिनं पंधरा दिवस नुसतं ते दुकान पाहिलं. आयुष्यात कधी गेम न खेळलेली बाई रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसून फोनवर शेकडो कव्हरं सरकवायची आणि वहीत लिहायची. बोट कुठं थांबलं, का थांबलं, शेजारी कोणते रंग होते. "काना-मात्रा, इकडे बघा," एकदा म्हणाली. "सगळ्यांनी माणसं पाठमोरी उभी केलीत. हातात तलवार आणि समोर जांभळं आभाळ. एकाच आईची लेकरं वाटतात सगळी." जांभळ्या आभाळांच्या रांगेत आपलं खोकं वेगळं दिसायचं असेल तर ते जांभळं असून चालणार नाही, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाकीचे दिवस काय काढायचं ते शोधण्यात गेले.

"खेळणारा हातानं काय करतो?" तिनं धाकट्याला विचारलं.

"लिव्हर ओढतो."

"मग तुझ्या चित्रात हात कुठाय?"

कव्हर तिथंच ठरलं. पुढं, अगदी जवळ, लिव्हरवर ठेवलेला एक मोठा हात. मागं राखाडी पोकळी, आणि त्या पोकळीत तारेवर अर्ध्यातच थांबलेला एक पिवळा डबा. बाकी काही नाही. हातासाठी तिनं मला कागद कापायच्या यंत्राशी उभं केलं. तिच्याच शब्दांत सांगायचं तर माझा हात 'आयुष्यभर कंटाळलेल्या माणसाचा' दिसतो. लहानपणी दारात चेमटलेली माझी वाकडी करंगळीही तिनं जशीच्या तशी काढली. नाव छाटून तिनं तीन शब्दांवर आणलं: 'वर की खाली'. ठसठशीत, जाड अक्षरं. दुकानाला हेच चित्र उभं, आडवं, चिंचोळ्या पट्टीएवढं अशा निरनिराळ्या मापांत लागतं. दुसऱ्या कुणी एकच चित्र कापून सगळीकडं बसवलं असतं. तिनं प्रत्येक मापासाठी हात आणि डबा नव्यानं मांडला. चार महिने चाललं ते. रंग काढून काळं-पांढरं करून पाहायची, डोळे किलकिले करून पाहायची, आणि आरशात धरून उलटंही.

शेवटची परीक्षा तिनं आईची घेतली. एक सेकंद चित्र दाखवलं आणि स्क्रीन झाकली.

"काय पाहिलंस?"

"हात," आई म्हणाली. "कुणीतरी काहीतरी ओढतंय. आणि वर कुणीतरी अडकलंय."

"ओढेल का तो?"

"मला गं काय माहीत? दाखव बघू पुन्हा."

दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये हे मला सांगताना तिचा चेहरा असा होता की जणू पोर पहिल्या नंबरानं पास झालंय. "पुन्हा दाखव म्हणाली हो," दोनदा सांगितलंन मला.

गेम चालला, आणि चांगला चालला. एका पब्लिशरनं तो उचलला, इतर भाषांत गेला. लोक कव्हराबद्दल लिहू लागले. तो हात कुणी आपल्या फोनवर लावला, कुणी कपावर छापून घेतला. वाकडी करंगळी आहे म्हणून मी घरी बायकोला दाखवला, तर ती म्हणाली, "एवढा कामसू दिसत नाही तुमचा हात." भिंगवालीनं कुणालाच काही सांगितलं नाही. "धाकट्याचं चाललंय ना बरं," म्हणायची, आणि तिला ते पुरत होतं.

वर्षभरात आमच्या मालकांनी चित्रांचा विभाग बंद केला. खोकी आता मुख्य ऑफिसात कुठंतरी तयार होऊन येणार होती. मी तसाही निवृत्तीला टेकलेला होतो. ती सत्तेचाळीस वर्षांची. घरी बसून काय करायचं, म्हणून तिनं छोट्या गेमवाल्यांसाठी कव्हरं करायचं ठरवलं. सात-आठ नमुने काढले, त्यांत 'वर की खाली' तिसरा ठेवला, आणि मधमाश्या पाळण्याचा गेम बनवणाऱ्या एका मुलीला पाठवले. त्या मुलीला आम्ही दोघांनी कधीच नावानं ओळखलं नाही. आमच्या बोलण्यात ती मधमाशीवाली.

चार दिवसांनी भिंगवालीचा मला फोन आला.

"काना-मात्रा, मला चोर ठरवलंय हो," ती हसत म्हणाली. "घरी या जरा."

दुपारी मी गेलो. तिनं ते पत्र मला वाचायला दिलं. मजकूर सभ्य होता, तपासायला माझ्याकडं आला असता तर एक स्वल्पविरामही बदलला नसता. लिहिलं होतं, की तुमचं काम आवडलं, परंतु तिसरं चित्र तुमचं नाही. ते गेमच्या कर्त्यानं स्वतः काढलेलं आहे आणि ते कसं सुचलं यावर त्यांचं भाषण प्रसिद्ध आहे. मी ते अनेकदा ऐकलं आहे. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवू नये, ही विनंती. खाली लिंक.

"तिचा काहीतरी घोळ झालाय," भिंगवाली म्हणाली. "धाकट्यानं घाईत नाव घ्यायचं राहून गेलं असेल. त्याचं सगळं असंच."

आम्ही लिंक उघडली. मोठं सभागृह, समोर पाच-सातशे माणसं, आणि मंचावर धाकटा, इस्त्रीचा शर्ट घालून. तिनं त्याला कधी इस्त्रीच्या शर्टात पाहिलं नव्हतं, त्याचंच तिला आधी कौतुक वाटलं. "बारीक झालाय," म्हणाली.

त्याच्यामागं मोठ्या पडद्यावर माझा हात होता.

धाकटा फार छान बोलला, ते कबूल करायला हवं. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करून दारापर्यंत मागं जायचं, हे त्यानं सांगितलं. जांभळ्या आभाळांचा विनोद केला, लोक हसले. आईला एक सेकंद चित्र दाखवल्याचं सांगितलं. प्रत्येक वाक्यात 'मी' होता. मी पाहिलं, मी ठरवलं, मी काढलं. मग तो थांबला, पाणी प्यायला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे मी कुठं शिकलो ते सांगतो. लहान होतो. एका दुपारी मी शाळेतून घरी आलो, दार उघडलं, आणि माझे वडील स्वयंपाकघरात जमिनीवर पडले होते. त्यांच्या हातात एक निळं खोकं होतं."

तिनं व्हिडिओ थांबवला. उठून गॅलरीत गेली आणि दोरीवरचे कपडे काढू लागली. कपडे ओले होते. ते तिनं काढले, हातावर घेतले, मग पुन्हा एकेक करून वाळत घातले. आत आली आणि म्हणाली, "लावा पुढचं."

शेवटी प्रश्नोत्तरं होती. एकानं विचारलं, "चित्रकला कुठं शिकलात?"

धाकटा हसून म्हणाला, "घरीच."

टाळ्या पडल्या. निघताना मी म्हणालो, "बाई, हे सगळ्यांसमोर आणा. मी येतो साक्षीला, ही करंगळी दाखवतो."

"माझं काम मी केलं हे पटवायला तुमची करंगळी लागावी?" ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

पुढच्या रविवारी ती आईकडं गेली. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर, दोन-तीन वेळा मिळून तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. धाकटा टेबलाशी बसून फोन पाहत होता.

"भाषण पाहिलं तुझं," ती म्हणाली.

"कुठलं?"

"तू दार उघडलंस ते."

त्यानं फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, "ताई, तू चिडणार हे मला माहीत होतं. पण ते तसंच सांगावं लागतं. पब्लिशरला एकट्या माणसाची गोष्ट हवी होती. एकट्यानं, एका खोलीत, सगळं केलं. तसं असलं की लोक थांबून बघतात. बहीण, प्रेस, खोकी, तुझे ते काना-मात्रा, एवढं सगळं घातलं की गोष्ट पातळ होते. तूच शिकवलंस ना मला. गर्दी नको, एकच गोष्ट."

"म्हणजे मी गर्दी."

"तसं नाही म्हणालो मी."

"मग कसं म्हणालास?"

"आणि घरच्या घरात नाव काय लावायचं, ताई? गेम संपल्यावर यादी येते बघ, त्यात विशेष आभारात आहेस की तू."

तिनं ती यादी पाहिली होती. सगळा आठवडा खर्चून, हातात कधी न धरलेलं ते कंट्रोलर धरून, माणसं वर-खाली पाठवत तिनं गेम शेवटपर्यंत खेळला होता. शेवटी नावं सरकत आली. कल्पना, प्रोग्रामिंग, चित्रं, कव्हर, सगळ्यांपुढं धाकट्याचं नाव. मग विशेष आभार: आई, ताई आणि बोका. बोका म्हणजे मागच्या खोलीत त्याच्याबरोबर राहणारं मांजर.

"ती मधमाशीवाली मला चोर समजते," ती म्हणाली. "तिला एक ओळ लिही. बाकी मला काही नको. तुझं भाषण राहू दे, यादी राहू दे. फक्त तिला लिही, की कव्हर हिनं केलं."

"मी लिहितो," तो म्हणाला. तिला वाटलं झालं. तेवढ्यात त्यानं पुढं विचारलं, "तू मदत केलीस, असं लिहू का? कारण करारात मी सगळं माझं म्हणून सही केलीय. उद्या तिनं ते कुठं टाकलं तर माझी पंचाईत."

"मदत," ती म्हणाली.

आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "अगं, एवढं काय त्यात," आई म्हणाली. "लहान आहे तो."

"पस्तीस वर्षांचा आहे."

"तुझ्यापेक्षा लहानच ना? तुझी नोकरी होती, लोक तुला ओळखत होते. त्याचं काहीच धड होत नव्हतं. आता कुठं नाव होतंय त्याचं. बहिणीचा हात लागला म्हणून काय झालं, बाहेर थोडंच गेलंय?"

इथपर्यंत तिला सगळं अपेक्षित होतं, असं ती म्हणाली. आई धाकट्याची बाजू घेणार हे तिला लहानपणापासून पाठ होतं. पण आई तेवढ्यावर थांबली नाही. समजूत घालण्याच्या भरात बोलून गेली, "आणि त्यानं लपूनछपून नाही केलं काही. भाषणाआधी विचारलं होतं मला."

"काय विचारलं होतं?"

"दाराचं. तो म्हणाला, मी उघडलं असं सांगू का? मी म्हटलं सांग. ताई काही बोलणार नाही."

तिनं आईकडं पाहिलं. "आई, त्या दिवशी दार कुणी उघडलं?"

आईनं हात पुसायचं फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं. "वडील दोघांचेही होते," आई म्हणाली.

भिंगवाली दाराकडं वळली. तिनं चपला घातल्या आणि निघाली. तिचा बसथांबा घराच्या कोपऱ्यावरच आहे. तो मागं टाकून ती चालत राहिली आणि भानावर आली तेव्हा तीन थांबे ओलांडून एका बंद बँकेच्या पायऱ्यांवर बसलेली होती. रडले नाही, असं तिनं मला बजावून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मधमाशीवालीला तिनं स्वतःच उत्तर लिहिलं. ते पाठवण्याआधी मला वाचायला दिलं, पण एक अक्षरही बदलू दिलं नाही. 'ते चित्र माझं आहे. पुरावा माझ्याकडं आहे, पण घरातला आहे आणि मी तो देणार नाही. तुमचा गेम मला अर्धा तास दाखवा. मी तुमच्यासमोर बसून काढते. नाही आवडलं तर विषय संपला.' नऊ दिवस काहीच आलं नाही. दहाव्या दिवशी मुलीनं वेळ दिली.

व्हिडिओ कॉलवर मधमाशीवालीनं गेम दाखवला. भिंगवालीनं विचारलं, की खेळणारा हातानं काय करतो. मग म्हणाली, तुमचं आत्ताचं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करून बघा. समोरची मुलगी अवघडली.

"हे सगळं त्यांच्या भाषणात आहे," मुलगी म्हणाली. "शब्दसुद्धा तेच."

भिंगवाली मला म्हणाली, की चित्र गेलं, तो दिवस गेला, त्याचं दुःख एकीकडं, पण त्या क्षणी तिच्या लक्षात आलं की आता आपल्या धंद्याबद्दल तोंड उघडायचीही सोय राहिली नाही. सत्तावीस वर्षं रोज बोललेली वाक्यं तिच्याच तोंडून उसनी वाटणार. तिनं बोलणं बंद केलं. पेन घेतलं आणि पुढचा पाऊण तास काही न बोलता काढत राहिली. अकरा छोटी चित्रं झाली. नवव्यात पोळ्याच्या अंधाऱ्या भोकातून बाहेर पाहणारी एकच माशी होती, बाकी सगळी चौकट मधाच्या रंगाची.

"ही," मुलगी म्हणाली. "ही पुन्हा दाखवा."

काम मिळालं. पण त्याआधी मधमाशीवालीनं एक कागद पाठवला. हे चित्र दुसऱ्या कुणाचं नाही, कुठूनही उचललेलं नाही, असं लिहून द्या. तिचंही चुकलं नाही, सावध असावं माणसानं. भिंगवालीनं सही केली. पुढं त्या गेमच्या यादीत कव्हरापुढं तिचं नाव आलं, तिनं मला स्क्रीनचा फोटो पाठवला, खाली एकही शब्द न लिहिता. काही महिन्यांनी मुलीनं तिला विचारलं म्हणे, "ते हाताचं चित्र खरंच तुमचं होतं का?" ही म्हणाली, "तुमची माशी माझी आहे, तेवढं पुरे."

धाकट्यानं पब्लिशरशी बोलून नव्या आवृत्तीत 'कव्हर साहाय्य' म्हणून तिचं नाव घालायची तयारी दाखवली. निरोप फोनवर आला, तिनं उत्तर दिलं नाही. मग त्याचा दुसरा गेम तयार झाला तेव्हा आईचा फोन आला, तो विचारतोय, या वेळी करशील का.

"त्याला सांग," ती म्हणाली, "घरीच शिकलायस ना, घरीच कर."

त्यानं स्वतःच केलं. बरं झालं होतं, मी पाहिलं. अगदी वाईट नव्हतं. तो गेमही बऱ्यापैकी चालला. लोकांना तो आवडतो, त्याच्या भाषणांना गर्दी होते, आणि त्या दाराची गोष्ट तो अजून सांगतो. आता त्यात थोडी भर पडलीय. दाराची कडी गार होती, असं काहीतरी म्हणतो.

भिंगवाली आईकडं जाते. तो घरी नसतो अशा वारी जाते, तासभर बसते, गॅस संपत आलाय का, गुडघा कसा आहे, एवढं विचारते आणि येते. एकदा मी तिला म्हणालो, "भावाचं सोडा, तो स्वार्थानं आंधळा झाला. आईवर कशाला एवढा राग?"

"राग नाही," ती म्हणाली. "धाकट्याला मी वाढवलंय. तो असा निघाला तर निम्मी चूक माझी, मी ती घेते. पण मला आईनं वाढवलं. मी काही बोलणार नाही, हे तिनं इतकं बरोबर कसं ओळखलं, तेच डोक्यातून जात नाही."

आता तिच्याकडं तीन-चार गेमवाले नियमित येतात. काम बरं चाललंय. एक नवीन सवय मात्र लागलीय तिला. कुठल्याही कव्हराचं पहिलं कच्चं चित्र झालं की ती ते घेऊन माझ्या घरी येते. माझी बायको चहा टाकते. भिंगवाली कागद माझ्यासमोर ठेवते आणि म्हणते, "पाहिलंत ना? आता तारीख घाला आणि सही करा." मी करतो. ती कागदाचा फोटो काढते, फोटो मला पाठवते, आणि मी तो पुसणार नाही याची मला पुन्हा आठवण करून देते. माझ्या कपाटात तिच्या अशा चित्रांच्या प्रतींचा एक गठ्ठा झालाय.

मागच्या आठवड्यात सही करता करता मी सहज विचारलं, "बाई, इतकी वर्षं शेजारी बसलो आपण. माझ्यावर तरी विश्वास आहे ना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. उत्तर देण्याआधी खरंच विचार करत होती, आणि तो विचार मला दिसत होता.

"महिना आकड्यात नको," ती म्हणाली. "अक्षरात लिहा."